जावळ आणि दाट केस : एका समजुतीची पार्श्वभूमी

बाळ पालथं पडायला लागलं की घरात जावळाची बोलणी सुरू होतात आणि त्याच बोलण्यात कुणीतरी सांगून जातं, "लवकर काढा, केस दाट येतील." विधी आणि हे कारण आता इतके एकजीव झाले आहेत की दोन्ही एकाच वेळी सुरू झाले असावेत असं वाटतं. जुने ग्रंथ उघडले तर तसं दिसत नाही. विधी फार जुना आहे. दाट केसांचं आश्वासन मात्र त्याला बरंच नंतर चिकटलेलं असावं.

मनुस्मृतीत चूडाकर्म, म्हणजे जावळाचा संस्कार किंवा चौल, पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी करावं असं सांगितलं आहे आणि कारण दिलं आहे ते श्रुतीच्या, म्हणजे वेदांच्या आज्ञेचं. आश्वलायन गृह्यसूत्र हा घरच्या संस्कारांचा जुना ग्रंथ तिसरं वर्ष सांगतो आणि त्याच दमात कुलधर्माप्रमाणे करायलाही मोकळीक देतो. वैद्यक काय म्हणतं? केस-नखं कापण्याचे फायदे चरक आणि सुश्रुत दोघेही मोजतात. चरकाच्या यादीत पुष्टी, आयुष्य, शुचिता आणि रूप आहे, तर सुश्रुताच्या यादीत आनंद, अंगाचा हलकेपणा, सौभाग्य आणि उत्साह. पुढचे केस जाड किंवा जास्त येतील असं या श्लोकांमध्ये नाही. शिवाय हा उपदेश माणसाच्या नित्याच्या स्वच्छतेचा आहे, तान्ह्या बाळासाठी खास सांगितलेला नाही.

खरा गुंता वयाचा आहे आणि त्यावर थोडं थांबायला हवं, कारण सगळी समजूत तिथेच उभी आहे.

मराठी ब्राह्मण घरांमध्ये मंत्रपूर्वक चौल हळूहळू पुढे सरकत मुंजीला जाऊन मिळालं. मुंजीच्या दिवशी आधी चौल उरकायचं, शेंडी ठेवायची आणि मग उपनयन, असा क्रम आता सर्वत्र दिसतो. म्हणजे तिसऱ्या वर्षाचा संस्कार आठव्या वर्षावर गेला. बाळपणाचा भाग तरीही मागे राहिला : मंत्र नाहीत, होम नाही, फक्त जावळ. ते पाचव्या, सातव्या, नवव्या किंवा अकराव्या महिन्यात, नाहीतर वर्ष झाल्यावर काढायचं, ज्याचा जसा कुळाचार. बहुजन घरांमध्ये चौल नव्हतंच. तिथे जावळ कुलदैवताशी आणि नवसाशी बांधलेलं होतं. जेजुरी, तुळजापूर किंवा जोतिबाला जायचं, बाळाला मामाच्या मांडीवर बसवायचं, न्हाव्याला शिधा, नारळ आणि दक्षिणा द्यायची. काही घरांत काढलेले केस जमिनीवर पडू न देता कणकेच्या गोळ्यात गोळा करतात आणि पाण्यात सोडतात. यातल्या कुठल्याच कृतीत केसांच्या वाढीचा विचार नाही. जन्मासोबत आलेलं काही देवाला वाहायचं, आजोळचा मान करायचा, एवढाच त्याचा अर्थ आहे आणि तो पुरेसा आहे.

थोडक्यात, एकाच विधीची दोन टोकं झाली. एक मुंजीच्या वयात गेलं, दुसरं पाचव्या-सातव्या महिन्यात राहिलं. दाट केसांच्या समजुतीला खतपाणी मिळालं ते दुसऱ्या टोकाकडून. माझं तर असं मत आहे की जावळ सगळीकडे तिसऱ्या वर्षीच काढलं गेलं असतं, तर ही समजूत रुजलीच नसती. तिसऱ्या वर्षापर्यंत मुलाचे केस बऱ्यापैकी जाड आणि गडद झालेले असतात. ते काढून पुन्हा आले तरी आधीच्या-नंतरच्यात डोळ्यांत भरण्यासारखा फरक नसतो. पाचव्या महिन्यात काढले तर फरक हमखास दिसतो, कारण तो वस्तऱ्याविनाही पडणारच असतो.

असं का होतं ते केसांच्या मुळाशी जाऊन पाहावं लागेल. केस ज्या पुटकुळीसारख्या खळग्यातून उगवतो, ते खळगे गर्भातच तयार होतात. जन्मानंतर नवे होत नाहीत. डोक्यावर ते साधारण एक लाख असतात, त्यामुळे केसांची संख्या बाळ जन्माला येतं तेव्हाच ठरलेली असते. पहिली लव बहुतेक गर्भातच, शेवटच्या महिन्यांमध्ये गळते. त्यानंतर आलेल्या केसांपैकी पुढच्या आणि वरच्या भागातले जन्माच्या आगेमागे गळू लागतात. मागच्या भागातले मात्र उशिरा, जन्मानंतर दोन-तीन महिन्यांनी गळतात. म्हणूनच तीन महिन्यांच्या कित्येक बाळांच्या डोक्यामागे टक्कल दिसतं. उशीवर घासून केस गेले, असं घरातले म्हणतात आणि बरीच वर्षं वैद्यकातही तेच कारण दिलं जाई. घासण्याने गळायला आलेले केस लवकर सुटत असतील, पण गळण्याची वेळ शरीराच्या आतूनच ठरलेली असते.

पुढे वर्षभरात हे सगळे खळगे एकाच लयीत चालायचं सोडतात, प्रत्येकाचं वाढणं-थांबणं वेगळं होतं आणि डोकं सगळीकडे सारखं भरलेलं दिसू लागतं. केसांची जाडीही पहिल्या दोन-तीन वर्षांत वाढत जाते. आता जावळाचे महिने यावर ठेवून बघा : पाच, सात, नऊ, अकरा. पातळ केस जाऊन जाड यायचा हाच काळ. वस्तरा मधे आला आणि श्रेय घेऊन गेला.

वस्तऱ्याला श्रेय मिळण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते हाताला जाणवतं. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं, मऊ असतं. वस्तरा तो केस मधूनच सपाट कापतो. मग आठवड्याभरात बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला की खुंट टोचतात, गोऱ्या त्वचेवर गडद दिसतात आणि घरात आनंद होतो. केस तोच असतो, फक्त त्याचं टोक गेलेलं असतं. त्वचेबाहेरचा केस मृत असतो. तो कापल्याची खबर आत काही मिलिमीटर खोल असलेल्या मुळाला लागण्याचा मार्गच नाही.

ही गोष्ट तपासूनही पाहिली गेली. १९२८ साली अमेरिकेतल्या एका शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी चार पुरुषांच्या दाढीवर काटेकोर प्रयोग केला, त्यात वाढीचा वेग आणि रंग बदलला नाही. १९७० साली त्याच देशात पाच तरुणांचा एक पाय कित्येक महिने दर आठवड्याला तासला आणि दुसरा तसाच ठेवला. केसांचं वजन, जाडी, वेग, कशातही म्हणण्यासारखा फरक आला नाही. यावर नेहमी येणारा आक्षेप असा की दाढी आणि पाय म्हणजे बाळाचं डोकं नव्हे, आणि चार-पाच माणसं म्हणजे काय मोठा पुरावा! आक्षेप रास्त आहे. फक्त तो मांडणाऱ्यांनी हेही सांगायला हवं की बाळाच्या डोक्यावर वस्तऱ्याने वेगळं काय घडतं. केसाचं मूळ दाढीत असो की डोक्यात, पातं दोन्हीकडे त्वचेच्या वरच थांबतं.

मला अधिक पटणारा पुरावा आपल्याच शेजारी आहे. नांदेडसारख्या शहरात एका गल्लीत तीन रीती नांदतात. मुस्लिम घरांत अकीका या जन्मानंतरच्या विधीला, सातव्या दिवशी, बाळाचे केस काढतात आणि त्यांच्या वजनाइतकी चांदी दान करतात. हिंदू घरांत पाचव्या-सातव्या महिन्यात जावळ निघतं. शीख घरांत केसांना कधीच पातं लागत नाही आणि त्या मुलांचे जुडे काही पातळ नसतात. केस दाट होण्यासाठी वस्तरा लागत असता, तर सर्वांत विरळ केस त्यांचे दिसायला हवे होते.

अलीकडच्या तीस-चाळीस वर्षांत वादाचा रोख बदलला आहे. १९८६ साली भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले आणि पुढच्या दशकात प्रचार सुरू झाला की दाढीला बसल्यावर नवीन ब्लेड मागा. पट्ट्यावर धार लावून घराघरांत फिरणारा एकच वस्तरा मागे पडला. न्हावी ब्लेडचं पान कागदातच मधोमध मोडतो, अर्धं पान वस्तऱ्यात बसवतो आणि काम झालं की टाकून देतो. ही सुधारणा मोठी आहे, कारण सामाईक पात्याने कावीळ-बीचा संसर्गही होऊ शकतो. जत्रेत, एकामागून एक बाळं बसवली जातात तिथे, पान खरंच बदललं का हे आई-बापाने आपल्या डोळ्यांनी पाहावं. दुसऱ्याच्या भरवशावर सोडण्याची ही गोष्ट नाही.

डॉक्टरांची मुख्य काळजी टाळूची असते. पुढची टाळू बहुतेक बाळांची १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान भरते. पाचव्या महिन्यात ती मऊ असते, बाळ मान झटकतं, रडून लालबुंद होतं आणि पातं त्याच भागावरून फिरतं. बाळाच्या अंगाच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाइतकी त्वचा डोक्यावर असते, त्यामुळे थंडीत उघडं डोकं लवकर गार पडतं. डोक्यावरच्या पिवळ्या खपल्यांसाठी जावळ काढायला हवं असंही सांगितलं जातं. त्याची गरज नसते. तेल लावून त्या मऊ केल्या आणि हलक्या हाताने धुतल्या की सुटतात. पुन्हा आल्या तर डॉक्टर आहेतच.

म्हणून बरीच घरं आता वर्ष झाल्यावर जावळ काढतात, किंवा मुहूर्ताच्या दिवशी एक बट कापून बाकीचे केस ट्रिमरने बारीक करतात. परदेशातल्या मराठी घरांत तर ट्रिमर हाच न्हावी झाला आहे. यात धर्म बुडतो असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना स्मृतीतलं पहिलं किंवा तिसरं वर्ष दाखवता येतं. उशीर करायला तिथे आधार आहे.

एक गोष्ट मात्र जावळावर ढकलून चालत नाही. दोन वर्षांच्या मुलाचे केस खूपच विरळ असतील, ओढले की सहज हातात येत असतील, गोल चकत्या पडत असतील किंवा चकतीवर कोंडा आणि तुटके केस दिसत असतील, तर कारण लोहाची कमतरता, थायरॉइड, गजकर्ण किंवा आणखी काही असू शकतं. अशा मुलाचं पुन्हा एकदा डोकं भादरून वाट पाहण्यात उपचाराचे महिने जातात.