वाड्याची वाटणी (वडोदरा)

एकत्र कुटुंबाच्या किंवा भावंडांच्या समाईक मिळकतीतून ज्याचा त्याचा हिस्सा वेगळा करणे म्हणजे वाटणी. गायकवाडी अमलात चाकरीसाठी येऊन वडोद्यात रुजलेल्या मराठी घरांत वाद बऱ्याचदा शेताचा नसून रावपुरा, दांडिया बाजार, वाडी अशा जुन्या भागांतल्या वडिलोपार्जित वाड्याचा असतो.

शेत मोजून तोडता येते. वाड्याला जिना एक, विहीर एक आणि रस्त्याकडची बाजूही एकच. भाड्याने दिलेली दर्शनी दुकानाची खोली आणि मागची अंधारी कोठी चौरस फुटांत सारख्या भरल्या तरी किमतीत सारख्या नसतात. म्हणून वडीलधारे सरस-निरस पाहून गट पाडतात आणि सरस भाग मिळेल त्याने बाकीच्यांना रोख देऊन फरक भरायचा असतो. मग चिठ्ठ्या टाकतात, घरातले लहान मूल त्या उचलते. काही घरांत गट एकाने पाडायचे आणि आधी दुसऱ्याने निवडायचे अशी रीत आहे. ती जास्त न्याय्य, कारण उरलेला गट आपल्याच पदरी पडणार हे पाडणाऱ्याला ठाऊक असते. वाटणीपत्रात चतुःसीमेबरोबर ‘जिना, विहीर, बोळ व जाण्यायेण्याची वाट समाईक’ असे लिहितात. पाण्याचे मीटर आणि गच्ची मात्र हमखास राहून जातात, आणि पुढची पिढी नेमकी त्यांवरूनच भांडते. देवघराचे तुकडे होत नाहीत. टाक थोरल्याकडे राहतात, कुळाचाराचा खर्च सगळ्यांवर, गौरी-गणपती आळीपाळीने. देवसेवेची ही पाळी न्यायालयेही मानतात.

वारसा आणि वाटणी ठरवताना 1956 पूर्वी गुजरातेत नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ या धर्मशास्त्रग्रंथाला ‘मिताक्षरा’ या जुन्या टीकाग्रंथापेक्षा वरचे स्थान होते, तर दख्खनेत मिताक्षरेला. स्थलांतर केलेले कुटुंब मूळ प्रांताचा शास्त्रार्थ बरोबर नेते, असे ब्रिटिश हिंदुस्थानातली न्यायालये गृहीत धरत. गंमत म्हणजे नीलकंठभट्टांचे घराणेच मूळ पैठणचे! हिंदू वारसा कायद्याने (1956) हे भेद बव्हंशी मिटवले. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत, मृत्युपत्र नसल्यास, मुलगे, मुली, वडिलांची पत्नी आणि वडिलांची आई यांना सारखी मिळते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क 9 सप्टेंबर 2005 पासून मिळाला. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. राहत्या घराची वाटणी पुरुष वारसांनी मागेपर्यंत मुलींना मागता येत नसे, तो जुना निर्बंधही 2005 मध्येच गेला.

तरीही प्रत्यक्षात सगळे अडते ते बहिणीच्या सहीवर. अशी सही करून आपला हिस्सा सोडण्याला गुजरातच्या महसुली बोलीत ‘हक्क कमी’ करणे म्हणतात. भाऊबीजेला आलेल्या बहिणीपुढे ताट सारतानाच कागदही सारायचा, ही लबाडी जुनी आहे, आणि माहेर तुटू नये म्हणून केलेली सही म्हणजे राजीखुशी नव्हे. स्थावरातला हक्क सोडल्याचा दस्त रीतसर नोंदवावा लागतो. आधी तोंडी झालेल्या वाटणीचे नुसते टिपण ठेवले तर नोंदणी लागत नाही. पण मुलीचा हिस्सा डावलण्यासाठी पुढे केलेली तोंडी वाटणी न्यायालय सहसा ऐकून घेत नाही. शेतजमीन असेल तर फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, तलाठ्याच्या गाव नमुना 6 मध्ये चढतो, हितसंबंधितांना जमीन महसूल कायद्याच्या कलम 135-डी ची नोटीस जाते आणि हरकत नसल्यास नोंद प्रमाणित होते. शहरातल्या वाड्यासाठी सिटी सर्व्हेचे प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मालकीचा नोंदपत्रक, बदलून घ्यावे लागते.

समेट न झाल्यास दिवाणी दावा. आधी हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा, मग जागेवर जाऊन मोजणी करणारा, न्यायालयाने नेमलेला कमिशनर, शेवटी अंतिम हुकूमनामा. वाडा तुटण्याजोगा नसेल तर 1893 च्या वाटणी कायद्यानुसार न्यायालय तो विकून पैसे वाटू शकते. एखाद्या भावाने राहत्या घरातला हिस्सा परक्याला विकला आणि त्या परक्याने वाटणी मागितली, तर घरच्यांना तो हिस्सा न्यायालय ठरवील त्या किमतीला घेता येतो. खुद्द गायकवाड राजघराण्यात फतेहसिंहरावांच्या निधनानंतर (1988) उभा राहिलेला मिळकतीचा वाद दोन दशकांहून अधिक काळ चालला आणि 2013 मध्ये समेटाने मिटला.

वाटणीनंतर आपला भाग बाहेर विकणेही सरळ नाही. जुन्या शहराचे जे भाग 1991 च्या अशांत धाऱ्याखाली (दंगलींनी अशांत ठरवलेल्या भागांतल्या मिळकतींच्या हस्तांतरणावरचा गुजरातचा कायदा) येतात, तिथे विक्रीला कलेक्टरची पूर्वपरवानगी लागते.