फ्यूजच्या जागी बल्ब

सिगारेटच्या पाकिटातली चांदी फ्यूजला गुंडाळून गाडी घरापर्यंत आणणारे लोक मी पाहिले आहेत. आणतातही. मागच्या पावसाळ्यात माझा एक मित्र त्याच वाटेवर होता. त्याच्याकडे जुनी पद्मिनी आहे. पार्किंगचे दिवे लावले की बराच वेळ सगळं ठीक चालायचं, आणि एखाद्या खड्ड्यात मागचं चाक आदळलं की फ्यूज जायचा. मागचे दिवे, नंबरप्लेटचा दिवा, मीटरमधला उजेड, सगळं एकदम गुल. चार दिवसांत सहा फ्यूज गेले. शेवटी त्याने आठ अँपिअरच्या जागी सोळाचा टाकायचं ठरवलं. नशीब, दुकानात मिळाला नाही.

सोळाचा का टाकू नये, हे कळायला आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. गाडीत दिव्याकडे जाणारी वायर असते, पण घरातल्यासारखी परतीची वायर सहसा नसते. ते काम गाडीचा पत्राच करतो. बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला बोल्टने आवळलेलं असतं. गॅरेजवाले त्याला ‘अर्थ’ म्हणतात; चार रबरी टायरांवर उभ्या असलेल्या गाडीचा जमिनीशी काही संबंध नसतो, तो भाग वेगळा. म्हणजे अख्खी गाडी हीच एक उघडी तार, आणि आतली प्रत्येक वायर तिच्यापासून जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटर प्लास्टिकने वेगळी ठेवलेली.

हे प्लास्टिक, म्हणजे पीव्हीसी, मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट रसायनं मिसळलेली असतात, आणि ती उष्णतेने वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातात. मग तीस वर्षं जुनी वायर वाकवली की तिचं कवच पापडासारखं तडकतं. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथला रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या काठावरची रबरी कडी, गळून पडलेला असतो, दाराच्या बिजागरीपाशी वायर हजारो वेळा मुडपलेली असते, आणि उंदरांचं तर काही विचारूच नका.

आता आकडे. पार्किंगचे पाच वॅटचे सहा बल्ब मिळून तीस वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर अडीच अँपिअर. वायर मध्येच पत्र्याला टेकली की प्रवाहाला बल्बमधून जायची गरजच उरत नाही. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या चार मीटर तांब्याचा रोध साधारण ०.०७ ओहम. बॅटरीचा स्वतःचा थोडा धरून ०.०८ म्हणू. बाराला त्याने भागलं की १५० अँपिअर येतात. एवढ्या प्रवाहाने त्या वायरीत दीड हजार वॅट उष्णता तयार होते, म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायच्या रॉडइतकी. फक्त इथे बादलीभर पाणी नाही, ३५-३६ ग्रॅम तांबं आहे. ते सेकंदाला शंभरेक अंशांनी तापतं. दुसऱ्या सेकंदाला कवच वितळायला लागतं, आणि त्याच टेपमध्ये गुंडाळलेल्या शेजारच्या वायरीही उघड्या पडतात.

इतक्या प्रवाहाला सोळाचा फ्यूजही उडेल, हे खरं. पण जुन्या गाडीत वायर पत्र्याला नेहमी घट्ट टेकतेच असं नाही. गंजातून, ओलीतून अर्धवट टेकली तर बारा-चौदा अँपिअर वाहत राहतात. आठचा फ्यूज तिथे हार मानतो. सोळाचा मानत नाही, आणि मग बारीक वायर तापत बसते. चांदीबद्दल तर बोलायलाच नको.

फ्यूजची अडचण एवढीच की तो उडाला की तपास थांबतो. गळती शोधायची आहे आणि नळ बंद करून बसलोय, असला प्रकार. जुने वायरमन यावर फार सुंदर युक्ती करतात. फ्यूज काढून त्याच्या क्लिपांमध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडतात. हा बल्ब पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त काही जाऊ देत नाही, त्यामुळे पुढे कितीही पक्का शॉर्ट असला तरी काही तापत नाही. सर्किटवरचे पार्किंगचे बल्ब मात्र आधी काढून ठेवायचे, नाहीतर त्यांच्यामुळेही तो मिणमिणतो आणि माणूस फसतो. मग हिशेब सोपा: बल्ब लख्ख पेटला तर शॉर्ट आहे, विझला तर नाही. दोष जिवंत ठेवून, निवांत चहा पीत शोधता येतो.

आम्ही तेच केलं. बल्ब विझलेलाच. मग मी डिकीवर हात टेकवून गाडी खालीवर हलवली आणि बल्ब भप्पकन पेटला. मागे जाणारी वायर फ्यूजबॉक्सपाशी सोडवली. आता कितीही हलवलं तरी अंधार. म्हणजे पुढची अर्धी गाडी निर्दोष. ती पुन्हा जोडून डिकीतल्या दिव्यांकडची टोकं सुटी केली, तर बल्ब पेटतोच. म्हणजे दिवे, होल्डर, सगळे सुटले. दर वेळी संशयित निम्मे होतात, हा या पद्धतीचा फायदा. समोर दिसेल ती वायर ओढून बघण्यात अख्खा दिवस जातो, आणि नवीन शॉर्ट तयार होतात ते वेगळंच.

आता उरली मॅटखालून, सीटमागून जाणारी तीनेक मीटर टेपबंद वायरिंग. इथे १८२० सालचं विज्ञान कामाला आलं. त्या वर्षी डेन्मार्कच्या हान्स ख्रिस्तियन ऑर्स्टेडने दाखवलं की तारेतून वीज वाहिली की जवळची चुंबकसुई हलते. पावणेदोन अँपिअरच्या तारेपासून एक सेंटिमीटरवर सुमारे ३५ मायक्रोटेस्ला चुंबकीय क्षेत्र असतं. आपल्याकडे पृथ्वीचं आडवं क्षेत्र जवळपास तेवढंच. म्हणजे शाळेतलं होकायंत्र पुरेसं आहे. गाडीच्या पोलादामुळे सुई उत्तर दाखवत नाही, पण आपल्याला उत्तर नकोच आहे, तिचा झटका हवा आहे. मित्राचा मुलगा डिकी दाबून बसला, मित्र पार्किंगचा स्विच चालू-बंद करत राहिला, आणि मी होकायंत्र वायरिंगवरून मागे सरकवत गेलो. प्रत्येक ‘टक’ला सुई उडी मारायची. परतीची वायर त्याच गुंडाळीत असती तर दोघींची क्षेत्रं एकमेकींना मारून गेली असती. पत्र्यातून परतणाऱ्या विजेचा हा अनपेक्षित उपकार.

मागच्या सीटच्या पाठीशी, स्पीकरच्या पत्र्याच्या फळीखाली, सुई गप्प झाली.

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं. आधी निगेटिव्हच, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर तो पानाच शॉर्ट होतो. टेप उलगडली. फळीतून आरपार आलेल्या एका स्क्रूचं टोक वायरिंगवर टेकलेलं होतं. आतली पार्किंगची वायर जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी उघडी पडली होती आणि तिथलं तांबं हिरवट पडलं होतं. गाडी उडाली की टोक तेवढ्यात शिवायचं. कधीकाळी कुणीतरी स्पीकर बसवताना पाव इंचाने काम झालं असतं तिथे पाऊण इंचाचा स्क्रू मारला होता, आणि त्याने कवच घासत घासत तांब्यापर्यंत पोचायला इतकी वर्षं घेतली.

स्पीकर वाजवून बघितले. दोन्ही बंद होते. मित्र म्हणाला, ‘ते मी गाडी घेतली तेव्हापासून बंदच आहेत.’