एमसीबी आहे, मग शॉक कसा लागेल?

ड्रिल मशीन किंवा ग्राइंडर चालवणाऱ्याला वायर सोललेली दाखवली, की ठरलेलं उत्तर येतं: "काही होत नाही हो, एमसीबी आहे ना, लगेच पडेल." वर्षानुवर्षं चालत आलेला हा समज चुकीचा आहे.

एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडून सप्लाय तोडणारा बोर्डावरचा स्विच, वायरिंग वाचवते, माणसाला नाही. पॉवर पॉइंटची एमसीबी बहुधा १६ अँपिअरची असते. त्याहून बराच जास्त करंट गेला किंवा शॉर्टसर्किट झालं, तरच ती पडते. माणसाच्या छातीतून ०.१ अँपिअर काही क्षण गेला, तरी हृदय थांबू शकतं. एवढासा करंट एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो. माणूस चिकटलेला आणि एमसीबी आपली खुशाल 'ऑन'!

माणसासाठी असते ती आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखणारा स्विच. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो का, हे ती पाहते. ३० मिलीअँपिअरची, म्हणजे ०.०३ अँपिअरची गळती झाली, की क्षणार्धात सप्लाय तोडते. तिच्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबून बघा. पडली नाही, तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलात, तर तीही गप्प बसते.

आणि ती अर्थिंगची जाड पिन! टू-पिन सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून सर्रास कापली जाते. मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर दुहेरी इन्सुलेशन असतं, अर्थिंग लागत नाही. धातूच्या बॉडीचं, थ्री-पिनचं मशीन असेल, तर पिन कापायला घेतलेली पकड खाली ठेवा.