गाडीत लाईट कुठून आणायची? पॉइंट नसलेल्या मुक्कामाचा हिशेब

गुहागरला सुरूच्या बनात आमची राहायची गाडी, म्हणजे कॅरॅव्हॅन, लावली होती, छान गार सावली, समोर समुद्र, आणि सकाळी अकराला बघतो तर छतावरचं 400 वॅटचं सोलर कसंबसं 50 वॅट देतंय. पाचसात पावलांवर वाळूत इतकं लख्ख ऊन की डोळे उघडवत नव्हते. म्हटलं पॅनल खराब झालं की काय, वर चढून पाहिलं तर पॅनल ठणठणीत होतं, फक्त सुरूच्या फांद्यांची जाळीदार सावली सगळीकडे सांडलेली.

युरोपात कॅम्पसाईटवर 230 व्होल्टचा पॉइंट असतो, केबल लावली की घरच्यासारखी वीज. महाराष्ट्रानं पण 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, पण कोकणात आपण खरंच जिथं थांबतो, म्हणजे देवळाचं आवार, कुणाची तरी वाडी, किनारा, तिथं पॉइंट नसतो. मग सगळी वीज आपलीच आपण करायची आणि पुरवून वापरायची.

माझं कळकळीचं सांगणं एकच आहे, बॅटरी केवढी घेऊ हा प्रश्न नंतर, आधी गाडीत गरम किंवा गार काय काय करायचंय ते ठरवा. वीज उष्णतेच्या कामातच जाते, बाकी सगळं किरकोळ असतं.

हिशेब अँपिअर-आवरमध्ये करू नका, डोकं गरगरतं. लाईट बिलावरचा युनिट धरा, 1000 वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. आमची लिथियम बॅटरी 12.8 व्होल्ट, 200 अँपिअर-आवरची, दोन्हींचा गुणाकार 2560 वॅट-तास, म्हणजे अडीच युनिट. त्यातून 12 व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रीज दिवसाला साधारण अर्धा युनिट घेतो, 25 वॅटचे दोन पंखे रात्री दहा तास चालले की अजून अर्धा, आणि एलईडी दिवे, मोबाईल, लॅपटॉप, पाण्याचा पंप हे सगळं मिळून पाव युनिट. झाले सव्वा युनिट, चौघं आरामात राहतात. आता ह्यात इंडक्शन आणा, 1600 वॅटवर अर्धा तास स्वयंपाक केला की एकदम पाऊण युनिटच्या वर गेलं. एक टनाचा एसी रात्रभर लावला तर बॅटरी पहाटेच्या आत संपणार.

म्हणून आम्ही गॅसच ठेवलाय. 5 किलोच्या छोट्या सिलेंडरमध्ये जवळजवळ 64 युनिटांएवढी ऊर्जा असते, शेगडीवर एक तृतीयांश वाया गेली तरी चाळीसच्या वर हातात राहते, आणि आमची वीस-बावीस किलोची बॅटरी देते अडीच! चहा गॅसवर, मोबाईल बॅटरीवर, ही वाटणी एकदा पटली की विजेचा खर्च बराच कमी होतो.

इंडक्शनचा अजून एक घोळ आहे. घरी 230 व्होल्टवर ती 1600 वॅटची शेगडी 7 अँपिअर घेते, पण 12 व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरमार्फत तेवढेच वॅट काढायला 140 अँपिअर ओढावे लागतात. करंट वीसपट झाला की त्याच वायरीत उष्णता वीसपट नाही, चारशेपट होते, कारण ती करंटच्या वर्गाच्या हिशेबानं वाढते. आमचं पहिलं फिटिंग केलेल्यानं घरगुती अंदाजानं वायर टाकलेली, मिक्सर लावला आणि चटणी व्हायच्या आत सीटखालून जळकट वास, हात लावला तर वायरीचं प्लास्टिक मऊ लागत होतं. त्या दिवसापासून इन्व्हर्टरला अंगठ्याएवढी जाड वायर, तीही जमेल तितकी आखूड, आणि बॅटरीच्या टर्मिनलला लागून फ्यूज. इथं पैसे वाचवू नका, कृपया.

बॅटरी लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. नेहमीच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा शोध 1859 चा, गास्तों प्लान्तेचा, अजूनही भरवशाची आहे पण निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की लवकर मरते. लिथियम आयर्न फॉस्फेटचा 1997 चा मूळ शोधनिबंध टेक्सासमधला, त्यात शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्यासोबत अक्षय पाढी हे नाव आहे, ते वाचून मला फार बरं वाटलं होतं. ही बॅटरी जवळजवळ तळापर्यंत वापरता येते. फक्त तिचा व्होल्टेज फसवतो, 70 टक्के आणि 30 टक्के यात जेमतेम दोन दशांश व्होल्टचा फरक. एकदा मी रात्री 13 व्होल्ट बघून निश्चिंत झोपलो, पहाटे बॅटरीनं स्वतःहून सप्लाय तोडला आणि फ्रीजमधली सुरमई गेली. आता शंट लावलाय, तो आत-बाहेर जाणारा करंट मोजून शिल्लक सांगतो, बँकेच्या पासबुकासारखा. आणि हो, स्पितीला वगैरे जाणार असाल तर तापमान शून्याखाली असताना ही बॅटरी चार्ज करायची नाही, आत लिथियम धातूचा थर बसतो आणि बॅटरी कायमची बिघडते.

चालत्या गाडीच्या अल्टरनेटरवरूनही, म्हणजे इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या यंत्रावरूनही, चार्ज होतं, पण थेट जोडू नका, लिथियम बॅटरी अधाशासारखा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जातो. मध्ये करंटला लगाम घालणारा 30 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर टाकला की तीन तासांच्या प्रवासात एक युनिट सहज जमा होतो. पावसाळ्यात आम्हाला तोच तारतो.

जनरेटरबद्दल मात्र हात जोडून सांगतो. डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली, जनरेटरचा कार्बन मोनॉक्साईड आत शिरला होता. ह्या वायूला ना वास ना रंग, झोपलेल्याला कळतच नाही. जनरेटर किंवा इंजिन चालू ठेवून कुणीही आत झोपायचं नाही, आणि कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म लावायचाच.

आता सुरूच्या सावलीकडे येतो. पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, वारीतल्या अरुंद वाटेवर एकजण थांबला की मागची अख्खी दिंडी थांबते तसं एका सेलवर सावली आली की पूर्ण रांगेचा करंट अडतो. त्यासाठी आत बायपास डायोड असतात, ते साधारण एक तृतीयांश पॅनल बाजूला काढून उरलेल्याची वाट मोकळी करतात, पण सावली जाळीसारखी सगळीकडे पसरलेली असली की डायोड तरी काय करणार. बरं, उन्हात गाडी लावावी तर आत भट्टी होते, फ्रीज दुप्पट चालतो, आणि पॅनल स्वतः 65 अंशांपर्यंत तापलं तर त्याचंही उत्पादन 14 टक्क्यांच्या आसपास घटतं, कारण त्यावर लिहिलेले वॅट 25 अंशाला मोजलेले असतात. शिवाय छतावर ते आडवं. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गुहागरला सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो तेव्हा ठीक, पण डिसेंबरात तो 49 अंशांच्या वर चढतच नाही, आडव्या पॅनलला तिरपं ऊन मिळतं.

म्हणून यंदा 200 वॅटचं घडीचं पॅनल आणि दहा मीटर वायर घेतली. गाडी सुरूच्या सावलीत आणि पॅनल बाहेर वाळूत, दगडाचा टेकू लावून सूर्याकडे तोंड केलेलं. आईनं ते काम स्वतःकडे घेतलंय, पापड उलटायला उठावं तशी ती दर दोन तासांनी जाऊन पॅनल फिरवून येते, आणि परत येऊन मीटरवरचा आकडा मोठ्यानं वाचते. काल अकराला 160 होता.