हॉस्पिटलचं बिल झेपत नसेल तर : चॅरिटी बेड आणि मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, कारण इथेच माणसं चुकतात. दानाच्या पैशातून मिळणारी मदत आपल्या हातात कधीच येत नाही, ती हॉस्पिटलच्या खात्यात जाते, आणि तीही पेशंट अ‍ॅडमिट असताना किंवा ऑपरेशनच्या आधी अर्ज केला तरच. आमच्या मावशीच्या वेळी आम्ही दागिने मोडून बिल भरलं, डिस्चार्ज घेतला आणि मग चौकशीला गेलो. भरलेल्या बिलाचे पैसे परत मिळत नाहीत हे तेव्हा कळलं. म्हणून पेशंट दाखल झाला त्याच दिवशी घरातल्या एकाने फक्त कागदांच्या मागे लागायचं, बाकी काही बघायचं नाही.

पहिली चौकशी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची. ही मोफत उपचारांची सरकारी योजना आहे, दानावर चालत नाही, पण तुमचा आजार तिच्यात बसला आणि हॉस्पिटल यादीत असलं तर पुढचं बरंचसं करायचीच गरज नाही. हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र, म्हणजे या योजनेचा मदतनीस बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा.

तिथे नाही जमलं तर बघायचं की हॉस्पिटल धर्मादाय आहे का, म्हणजे ट्रस्टचं. बाहेरून चकाचक दिसणारी बरीच मोठी हॉस्पिटलं प्रत्यक्षात धर्मादाय ट्रस्टची असतात आणि लोकांना ते माहीतच नसतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातलं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली लागू केलेली योजना, या दोन्हींमुळे अशा हॉस्पिटलला १० टक्के बेड निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी ठेवावेच लागतात. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर उपचार मोफत, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर सवलतीच्या दरात. याचा खर्च कुठून निघतो तर हॉस्पिटलला निर्धन आणि दुर्बल घटकातले सोडून बाकी सगळ्या पेशंटच्या एकूण बिलातले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकावे लागतात, त्यातून गरीब पेशंटची औषधं, इम्प्लांट वगैरे भागवायचं. म्हणजे शेजारच्या बेडवरचा पूर्ण बिल भरणारा माणूस नकळत आपल्याला हातभार लावतोय, मला तरी हे फार मोलाचं वाटतं.

कागद थोडेच लागतात, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड (दारिद्र्यरेषेखालचं असेल तर उत्तमच) आणि आधार. हे घेऊन बिलिंग काउंटरवर नाही, हॉस्पिटलच्या समाजसेवकाकडे जायचं. आणि इमर्जन्सी असेल तर डिपॉझिट भरा मगच दाखल करू असं धर्मादाय हॉस्पिटलला म्हणता येत नाही, आधी पेशंट स्थिर होईपर्यंत उपचार द्यावेच लागतात. बेड शिल्लक नाही असं तोंडी सांगितलं तर लेखी मागा. धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाइटवर हॉस्पिटलांची यादी आणि बेडची माहिती असते ती दाखवा, तरी ऐकलं नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्त किंवा उपायुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या.

आता मुख्यमंत्री सहायता निधी. यात लोकांनी, संस्थांनी, कंपन्यांनी दिलेली देणगी असते. वरच्या दोन्ही ठिकाणी सोय झाली नाही तरच इथे यायचं. उत्पन्नाची अट वर्षाला १ लाख ६० हजारांच्या आत, पेशंट महाराष्ट्राचा रहिवासी, हॉस्पिटल निधीच्या यादीत नोंदलेलं आणि आजारही ठरलेल्या यादीतला. कॅन्सर, हृदयविकार, डायलिसिस, अपघात, भाजणं, नवजात बाळाचे आजार, किडनी आणि लिव्हर प्रत्यारोपण, लहान मुलांचं कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवायचं यंत्र) असे आजार आणि उपचार त्यात येतात. पूर्ण बिल यातून निघेल अशी आशा धरू नका, काही भागच मिळतो.

इथे कागद जास्त लागतात. भरलेला अर्ज, पेशंटचं आधार (लहान बाळ असेल तर आईचं), रेशनकार्ड, तहसीलदाराचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, आजाराचे रिपोर्ट, पेशंट दाखल असल्याचा जिओ टॅग (ज्यात ठिकाणाची नोंद असते असा) फोटो आणि सगळ्यात अडणारा कागद म्हणजे खर्चाचं इस्टिमेट. ते हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, डॉक्टरच्या सहीशिक्क्याचं पाहिजे, आणि हॉस्पिटल खाजगी असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकाचं प्रमाणपत्रही लागतं, यातच दोन-तीन दिवस जातात. अपघात असेल तर एफआयआर किंवा एमएलसीची (हॉस्पिटलने पोलीस केस म्हणून केलेल्या नोंदीची) प्रत, अवयव प्रत्यारोपण असेल तर प्रत्यारोपण समितीकडे नोंदणी केल्याची पावती जोडायची. आता जिल्हाधिकारी कार्यालयातही या निधीचा कक्ष आहे, त्यामुळे मुंबईला मंत्रालयात खेटे घालायची गरज नाही, तिथेच जाऊन कागद तपासून घ्या.

उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल परत एकदा सांगतो, तो नसतो म्हणूनच बहुतेकांचं अडतं. सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर आजच अर्ज टाका आणि तहसील कार्यालयात पेशंटचे हॉस्पिटलचे कागद दाखवून लवकर द्यायची विनंती करा. आधार, रेशनकार्ड आणि रिपोर्टवरची नावं एकसारखी आहेत का तेही बघा, आमच्या शेजाऱ्यांचा अर्ज नुसत्या आडनावाच्या स्पेलिंगवरून परत आला होता.

याच्याच जोडीला पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आहे. जानेवारी १९४८ मध्ये फाळणीत विस्थापित झालेल्यांसाठी तो सुरू झाला आणि पूर्णपणे लोकांच्या देणग्यांवर चालतो, सरकारी बजेटचा पैसा त्यात नसतो. तिथेही अर्ज, दोन फोटो, रहिवासी पुरावा, उत्पन्नाचा दाखला आणि मूळ इस्टिमेट लागतं आणि पैसे हॉस्पिटललाच जातात. मूळ इस्टिमेट दोन ठिकाणी लागणार म्हणून हॉस्पिटलकडून सुरुवातीलाच दोन सहीशिक्क्याच्या प्रती मागून ठेवा.