रॅबिटएमक्यू की काफ्का?

दोन सिस्टिमनी एकमेकींसाठी न खोळंबता बोलायचं ठरलं, की टीममध्ये ही दोन नावं निघतात. दोन्हींत एक जण मेसेज टाकतो आणि दुसरा उचलतो, म्हणून ती एकसारखीच वाटतात. निवड करताना मात्र एवढंच विचारावं: वाचून झालेला मेसेज पुन्हा लागणार आहे का?

रॅबिटएमक्यू मुळात रांग. वर्करने, म्हणजे मेसेज उचलून काम करणाऱ्या प्रोग्रॅमने, काम आटोपून पोच दिली की मेसेज रांगेतून जातो. पोच न देताच वर्कर बंद पडला, तर तोच मेसेज दुसऱ्याला मिळतो. ओटीपीचा एसएमएस पाठवणं, बिलाची पीडीएफ बनवणं अशा कामांना हे चपखल बसतं.

काफ्का म्हणजे दुकानातली किर्द. वाचली म्हणून नोंद कुणी खोडत नाही. जे क्रेप्स, जून राव आणि पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेल्या नेहा नारखेडे यांनी ती लिंक्डइनमध्ये घडवली. 2011 मध्ये ती ओपन सोर्स झाली. सेटिंग बदललं नाही तर मेसेज 7 दिवस राहतो आणि आपण कुठवर वाचलं याची खूण, म्हणजे ऑफसेट, प्रत्येक कन्झ्युमर ग्रुपची, म्हणजे एकाच कामासाठी वाचणाऱ्या प्रोग्रॅमांच्या गटाची, वेगळी असते. रिपोर्टिंगच्या कोडमध्ये बग निघाला? दुरुस्त करा, ऑफसेट मागे न्या, परवापासूनच्या ऑर्डरी पुन्हा चालवा. बिलिंगचा ग्रुप वेगळा, त्याला धक्काही लागत नाही.

'ऐकणारे अनेक आहेत, म्हणून काफ्का' हे कारण मला पटत नाही. रॅबिटएमक्यूत मेसेज रांगांकडे वळवणारा भाग म्हणजे एक्स्चेंज; त्यातला फॅनआउट एक्स्चेंजही जोडलेल्या प्रत्येक रांगेत प्रत टाकतो. फक्त उद्या जोडलेल्या रांगेला कालचे मेसेज मिळत नाहीत. 2021 च्या 3.9 आवृत्तीपासून रॅबिटएमक्यूत वाचूनही मेसेज राहणारे स्ट्रीमही आहेत, पण साध्या रांगेचा स्वभाव तोच.

खरा त्रास होतो तो काफ्काला कामांची रांग म्हणून राबवताना. काफ्कात मेसेजचा प्रवाह म्हणजे टॉपिक, आणि त्याचे तुकडे म्हणजे पार्टिशन. नेहमीच्या कन्झ्युमर ग्रुपमध्ये एक पार्टिशन एका वेळी एकाच कन्झ्युमरकडे, म्हणजे वाचणाऱ्या प्रोग्रॅमकडे, असतं. पार्टिशन 4 असतील तर पाचवा कन्झ्युमर रिकामा बसतो. एखादं काम दहा मिनिटं अडलं, की त्या पार्टिशनमधलं मागचं सगळं सहसा तुंबतं. फसलेला एकच मेसेज बाजूला काढून पुन्हा चालवायचा, तर वेगळा टॉपिक आणि त्याचा कोड बहुधा तुम्हालाच लिहावा लागतो. रॅबिटएमक्यूत फसलेले मेसेज डेड लेटर एक्स्चेंजमार्फत वेगळ्या रांगेत वळवता येतात.

काहीही निवडा, पोच पोहोचण्याआधी कनेक्शन तुटलं तर तोच मेसेज दुसऱ्यांदा येऊ शकतो. पैशांचा व्यवहार असेल तर मेसेजचा आयडी डेटाबेसमध्ये युनिक ठेवा आणि तो व्यवहाराच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा.