सोसायटीचे दप्तर कोणाचे? कमिटीच्या जबाबदारीची पार्श्वभूमी

वार्षिक सभेत आवाज चढतो तेव्हा भांडण पैशांचे कमी आणि कागदांचे जास्त असते. कोटेशने किती मागवली, दुरुस्ती निधी कुठल्या ठरावाने वापरला, त्या ठरावाचे इतिवृत्त कुठे आहे? ही उत्तरे कमिटीने द्यायलाच हवीत, इथवर यायला महाराष्ट्रात शंभरेक वर्षे गेली. क्रमही उलटाच होता : आधी इमारत, मग कमिटी, आणि कमिटीचा लगाम सगळ्यात शेवटी.

मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. तिच्यामागे श्रीपाद सुब्राव तालमकी होते. सभासद एकाच समाजातले, एकमेकांना ओळखणारे, त्यामुळे ओळख हीच तपासणी होती. सहकाराचा १९०४ चा मूळ कायदा तर पतसंस्थांसाठी होता. त्या परंपरेतून आलेली दोन तत्त्वे गृहनिर्माणाला चिकटली ती कायमची : एका सभासदाला एक मत, आणि बिनपगारी कमिटी. बिनपगारी माणसाला जाब विचारायला संकोच वाटतो. या संकोचाने अनेक सोसायट्यांचे हिशेब बिघडवले आहेत.

पुढे 'ओनरशिप'च्या फ्लॅटचे दिवस आले आणि शेजारी अनोळखी झाले. बिल्डरांविरुद्धच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारने १९६० मध्ये समिती नेमली, आणि त्यातून १९६३ चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा ओनरशिप फ्लॅट्स कायदा आला. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही, ठरावीक मुदतीत सोसायटी स्थापन करायची, नंतर जमीन तिच्या नावे करून द्यायची, असे बंधन बिल्डरवर पडले. शेवटचे कलम बहुतेकांनी धाब्यावर बसवले. जमीन बिल्डरच्या नावावर असेपर्यंत वाढीव चटईक्षेत्राचा वाद सोसायटीच्या हातात नसतो. म्हणून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची, तरतूद करावी लागली : बिल्डर टाळत असला तरी जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याची.

दरम्यान १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याने दुसरी वाट काढली. इथे संस्था मालक नसते. सदनिका प्रत्येकाच्या स्वतःच्या मालकीची, आणि जमीन, जिना, गच्ची यांत प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा. तो घोषणापत्रात टक्क्यांनी लिहिलेला असतो आणि मतही त्याच टक्क्यांनी मोजले जाते. समजा, वीस सदनिका आणि तळमजल्याला एक मोठे शोरूम आहे, शोरूमचा हिस्सा ३० टक्के. सोसायटीत त्याला एकवीस मतांपैकी एक मत, अपार्टमेंटमध्ये शंभरातली तीस. घर घेताना हा फरक फार कमी लोक वाचतात. शिवाय सहकार कायद्यातली चौकशीची हत्यारे अपार्टमेंटच्या संघाला आपोआप लागत नाहीत.

ही हत्यारे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातली. कलम ८१ लेखापरीक्षणाचे, ८३ निबंधकाच्या चौकशीचे, ८८ नुकसान संबंधितांकडून वसूल करण्याचे. कलम ३२ सभासदाला दप्तर पाहू देते : उपविधी, ताळेबंद, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेची आणि कमिटीची इतिवृत्ते. मात्र हिशेबाच्या वह्यांपैकी फक्त त्याच्या स्वतःच्या व्यवहाराचा भाग. खरी मेख इथेच आहे. लिफ्टच्या कंत्राटाची व्हाउचर मागितली की सेक्रेटरी याच ओळीवर बोट ठेवतो. व्हाउचरच्या मागे लागण्याऐवजी ते कंत्राट मंजूर करणाऱ्या कमिटी सभेचे इतिवृत्त मागावे. तो कागद नाकारता येत नाही, आणि ठराव नसेल तर तेही उघडे पडते.

पुढे कलम ७३ मध्ये कमिटीची सामूहिक आणि वैयक्तिक जबाबदारी घातली गेली. पदभार घेतल्यापासून १५ दिवसांत एम-२० नमुन्यात ही जबाबदारी स्वीकारल्याचे बंधपत्र देण्याची अट त्यातूनच आली. 'मी त्या मीटिंगला नव्हतो' एवढ्यावर सुटका होत नाही. विरोध असेल तर तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा लागतो.

२००१ चे दोन सरकारी आदेश थेट कमिट्यांच्या मनमानीवर होते. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून वाटेल ती रक्कम लावली जायची. आता बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. सेवाशुल्क महिना १,५०० असेल तर १५० रुपये. मालमत्ता कर धरून अख्ख्या बिलावर १० टक्के लावणे ही आजही नेहमी सापडणारी चूक. हस्तांतरण अधिमूल्यालाही, म्हणजे फ्लॅट विकताना सोसायटी घेते त्या रकमेलाही, २५,००० रुपयांची कमाल मर्यादा आली. मग उरलेली रक्कम 'ऐच्छिक देणगी' म्हणून मागायची पळवाट निघाली, तो भाग वेगळा.

पुनर्विकासात कमिटी आणि बिल्डर यांचे परस्पर सूत जुळू लागल्यावर कलम ७९अ खाली ३ जानेवारी २००९ ला निर्देश निघाले. ते ४ जुलै २०१९ ला सुधारले गेले.

सहकारी संस्थांविषयीच्या ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ मध्ये राज्याचा कायदा बदलला. कमिटीची मुदत पाच वर्षे झाली आणि वार्षिक सभेसाठी वर्ष संपल्यापासून सहा महिने, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंतचा अवधी मिळाला. राज्यांच्या संमतीअभावी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्या दुरुस्तीचा राज्यांतल्या सहकारी संस्थांना लागू असलेला भाग रद्द केला, पण राज्याचा कायदा टिकला. २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांना स्वतंत्र प्रकरण मिळाले, १३-ब. त्यानुसार २५० पेक्षा कमी सभासदांच्या सोसायट्या निवडणूक स्वतः घेऊ शकतात. सोय झाली खरी, पण निवडणूक घेणारे आणि लढवणारे एकाच जिन्यातले असतात.

सगळ्यात दुर्लक्षित कागद जुनाच आहे : 'ओ' नमुना, लेखापरीक्षकाने काढलेल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल. लागोपाठ तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि 'ओ' नमुने शेजारी ठेवून वाचले, की 'आय नमुन्यातली सभासद नोंदवही अद्ययावत नाही' किंवा 'सिंकिंग फंडाची (मोठ्या कामांसाठी राखलेल्या निधीची) वेगळी गुंतवणूक नाही' असा शेरा तिन्ही वर्षी शब्द न बदलता दिसतो. समोर कमिटीचे उत्तरही तेच असते : 'नोंद घेतली'.